बीडचा तांडा व तेलंगणचा तांडा

दसरा उलटला कीं बालाघाटच्या रांगांतील तांडे ओस पडूं लागतात. वडवणी, धारूर, परळी, गेवराई या तालुक्यांत माळावर किंवा डोंगराच्या उतारावर ज्या लहान लहान वस्त्या दिसतात, त्यांतील घरांना एकामागून एक कुलुपें लागतात. ट्रॅक्टरच्या मागील ट्रॉलींत भांडीं, धान्याच्या गोणी, शेळ्या, पोरेंबाळें असें सारें बिऱ्हाड चढतें आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, अहिल्यानगर किंवा सीमेपलीकडील बेळगांव या बाजूंच्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतें. मागें उरतात ते म्हातारे आणि त्यांच्या हवालीं केलेलीं कांहीं मुलें.

त्याच दिवसांत तेलंगण राज्यांतील महबूबाबाद किंवा नलगोंडा जिल्ह्यांतल्या तांड्यांत कापसाची वेचणी चालू असते. तेथें घरांत बोलली जाणारी गोरबोली हीच, होळीची व तीजेची हौस हीच, सेवालाल महाराजांच्या नांवाचा पांढरा झेंडा हाच. आडनांवें ऐकून मात्र परक्याची फसगत होते. इकडे राठोड, पवार, चव्हाण, जाधव, आडे. तिकडे भूक्या, बानोत, मालावत, रामावत. वस्तुतः एकाच वंशवृक्षाच्या मोठ्या व लहान फांद्यांचीं हीं नांवें आहेत. इकडे मोठ्या फांदीचें नांव शाळेच्या दाखल्यावर चढलें, तिकडे लहान फांदीचें, इतकाच काय तो भेद. इकडे त्यांना बंजारा किंवा लमाण म्हणतात, तिकडे लंबाडी. ते स्वतःला म्हणतात गोर, आणि इतर सर्व जगाला कोर.

श्रोत्यांनीं येथें एक घोटाळा टाळावा. बीड जिल्ह्यांत मोठ्या संख्येनें असलेला वंजारी समाज निराळा आणि तांड्यांत राहणारा बंजारा समाज निराळा. सरकारी यादींतही त्यांचे वर्ग वेगवेगळे आहेत. हें भाषण दुसऱ्या समाजाविषयीं आहे.

लमाण हें नांव लवणावरून आलें असें सांगतात, आणि या लोकांचा पूर्वव्यवसाय पाहतां तें पटण्याजोगें आहे. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून समुद्रकांठापासून देशाच्या पोटापर्यंत नेणें हा त्यांचा पिढीजात धंदा होता. मोगलांच्या फौजा दक्षिणेंत उतरल्या त्या यांच्या बैलांच्या पुरवठ्यावर. १७९१–९२ मध्यें टिपूवर चालून गेलेल्या कॉर्नवॉलिसच्या सैन्यालाही यांनींच धान्य पुरविलें. दोन सैन्यें परस्परांशीं झुंजत असतां दोघांनाही धान्य विकणारा आणि म्हणून दोघांनाही हवासा वाटणारा असा हा तटस्थ वर्ग होता. पुढें पक्क्या सडका झाल्या, १८५३ सालीं मुंबईहून आगगाडी निघाली, मिठाचा व्यापार सरकारनें आपल्या मुठींत घेतला, आणि बैलांच्या पाठीवरील गोणी उतरल्या त्या कायमच्या. धंदा गेला, भटकंती तेवढी उरली. भटकणाऱ्या माणसाकडे सरकार संशयानें पाहतें. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें त्या संशयाला शिक्कामोर्तब दिलें आणि ठिकठिकाणीं हे लोकही त्या जाळ्यांत सांपडले. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. ‘विमुक्त’ हा शब्द त्या सुटकेंतून आला. एखाद्या समाजाला त्याच्या सुटकेच्या नांवानेंच ओळखावें, म्हणजे पूर्वीच्या बेडीची आठवण पुसूंच नये, हा प्रकार जरा विलक्षणच म्हणावयाचा.

बीड आणि नलगोंडा हे दोन्ही जिल्हे निजामाच्या एकाच राज्यांत होते. तांड्याच्या नायकाला तालुक्याची कचेरी उर्दूंत भेटे, मग तो तांडा गोदावरीच्या अलीकडे असो वा पलीकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी झाली. मराठवाड्याचे पांच जिल्हे मुंबई राज्यांत आले व १९६० सालीं महाराष्ट्राचे झाले. तेलंगणचे जिल्हे आंध्र प्रदेशांत गेले. गुलबर्गा, बिदर, रायचूर हे म्हैसुरास मिळाले. ज्यांची भाषा मराठीही नव्हती, तेलुगूही नव्हती आणि कानडीही नव्हती, ते लोक तीन भाषांच्या तीन राज्यांत वांटले गेले.

वांटणी झाल्यावर यादींचा प्रश्न आला. महाराष्ट्रांत बंजारा समाज विमुक्त जातींच्या वर्गांत बसविला गेला. त्या वर्गाला नोकऱ्यांत व शिक्षणांत ३ टक्के जागा राखीव आहेत. कर्नाटकांत तोच समाज अनुसूचित जातींत आहे. आंध्राच्या किनाऱ्याकडील भागांत तो प्रारंभापासून अनुसूचित जमातींत होता. तेलंगणच्या भागांत मात्र नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीच्या कायद्यानें हा भेद नाहींसा होऊन तेलंगणांतील लंबाडीही अनुसूचित जमातींत आले. म्हणजे १९५६ पासून वीस वर्षें बीडचा तांडा आणि नलगोंड्याचा तांडा दोघेही सारखेच यादीबाहेर होते. त्यांच्यांतील अंतर पडलें आहे तें त्यानंतरच्या अर्धशतकांत, आणि म्हणूनच तें मोजून पाहण्यासारखें आहे.

असा प्रकार केवळ आपल्याकडेच घडला असें नाहीं. उत्तर अमेरिकेंत ब्लॅकफूट नांवाचे मूळ रहिवासी आहेत. गव्यांच्या कळपांमागें फिरणाऱ्या या लोकांच्या मुलुखांतून अमेरिका व कॅनडा यांची सीमा एका अक्षांशावर सरळ रेघेनें ओढली गेली. त्यांची एक शाखा अमेरिकेच्या माँटॅना प्रांतांत राहिली, तीन शाखा कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतांत. माँटॅनांतच त्यांचे जुने प्रतिस्पर्धी क्रो लोकही राहतात. अमेरिकेंत १८८७ च्या कायद्यानें जमातींच्या सामाईक जमिनी माणशीं तोडून देण्याचें धोरण आलें, आणि तोडून दिलेली जमीन पुष्कळ ठिकाणीं गोऱ्यांच्या हातीं गेली. कॅनडांत तशी वांटणी सरसकट झाली नाहीं. परंतु तेथें ‘इंडियन’ कोण हें १८७६ पासून सरकारी कायदाच ठरवूं लागला, आणि नोंदणीबाहेरच्या माणसाशीं लग्न करणाऱ्या स्त्रीचें नांव नोंदींतून खोडलें जाऊं लागलें. ती चूक १९८५ सालीं दुरुस्त करावी लागली. चुलत भावांपैकीं एकाची जमीन गेली, दुसऱ्याच्या बहिणीचें नांव गेलें. रेघ ओढणाऱ्यांच्या मनांत यांपैकीं कांहींही नव्हतें.

आतां दोन्ही तांड्यांची तुलना पाहूं. तेलंगणांत २०११ च्या जनगणनेप्रमाणें लंबाडी समाजाची संख्या सुमारे २० लक्ष भरली. त्या राज्यांतील अनुसूचित जमातींपैकीं तिघांत दोघे लंबाडी आहेत. विधानसभेच्या ११९ जागांपैकीं १२ व लोकसभेच्या २ जागा अनुसूचित जमातींसाठीं राखीव आहेत, आणि त्यांतील पुष्कळ जागांवर लंबाडी उमेदवार निवडून येत आले आहेत. जमातींचें आरक्षण २०२२ सालीं ६ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेलें. याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे २०१८ च्या पंचायत कायद्यानें पांचशेंच्या वर वस्ती असलेल्या तांड्यांना स्वतंत्र ग्रामपंचायती मिळाल्या. अशा तांड्यांच्या व आदिवासी पाड्यांच्या पंचायती हजारांवर आहेत. १९५६ पासून मोठ्या गांवाच्या शेपटाला बांधलेला तांडा २०१९ च्या जानेवारींतील निवडणुकीनें स्वतःचा सरपंच निवडूं लागला.

महाराष्ट्रांत विमुक्त जातींना विधानसभेंत राखीव जागा नाहींत. तांडा बहुधा दुसऱ्या गांवाच्या पंचायतींत मोडतो. रस्ता, नळ, दिवा यांचा क्रम लावतांना आधीं गांव आणि मग तांडा असा क्रम लागतो. तांड्यांना स्वतंत्र दर्जा देण्याच्या योजना अलीकडे येथेंही निघाल्या आहेत. पण त्यांचा वेग मंद आहे.

एवढें ऐकून श्रोत्यांना वाटेल कीं महाराष्ट्रांतील बंजाऱ्यांच्या वांट्याला सत्ता आलीच नाहीं. तसें मुळींच नाहीं. पुसद तालुक्यांतील गहुलीच्या तांड्यांत जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत या राज्याचे मुख्यमंत्री होते. १९७२ चा भयंकर दुष्काळ त्यांच्याच कारकीर्दींत पडला, आणि रोजगार हमीची कल्पना त्याच काळांत रुजली. पुढें १९९१ सालीं सुधाकरराव नाईकही मुख्यमंत्री झाले. तेलंगणच्या लंबाड्यांना यादी मिळाली, मुख्यमंत्रिपद मिळालें नाहीं; महाराष्ट्राच्या बंजाऱ्यांना मुख्यमंत्रिपद मिळालें, यादी मिळाली नाहीं. सर्वांत वरची पायरी एका माणसास गांठतां आली म्हणून खालच्या पायऱ्या सर्वांसाठीं बांधल्या गेल्या असें होत नाहीं.

शाळेची गोष्ट थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. दोन्हीकडील मूल शाळेंत येतें तें परकी भाषा ऐकण्यासाठीं. इकडे मराठी, तिकडे तेलुगू. घरची बोली कोणत्याच फळ्यावर लिहिली जात नाहीं. पहिल्या दोन इयत्ता शिक्षकाचें बोलणें उमगण्यांतच जातात, आणि तेवढ्यांत मुलाला मठ्ठ म्हणण्याची घाई झालेली असते. ही अडचण समान आहे. परंतु तेलंगणांत निवासी शाळांचें जाळें दाट विणलें गेलें. निझामाबाद जिल्ह्यांतील पाकाला गांवच्या शेतमजुराची मुलगी मालावत पूर्णा ही अशाच सरकारी निवासी शाळेंत शिकत होती. २५ मे २०१४ रोजीं वयाच्या चौदाव्या वर्षांत ती एव्हरेस्टच्या शिखरावर पोंचली. एका मुलीच्या पराक्रमावरून साऱ्या समाजाचा हिशेब मांडूं नये हें खरें. तथापि निवासी शाळा नसती तर त्या मुलीपर्यंत दोर आणि कुऱ्हाड पोंचली नसती हेंही तितकेंच खरें.

बीडच्या तांड्यांतील मूल जूनमध्यें पटावर येतें. पाढे पाठ होऊं लागतात तोंच दिवाळी येते, आणि मूल फडावर जातें. त्यासाठीं हंगामी वसतिगृहें निघालीं. आईबाप बाहेर असतांना मुलांनीं गांवींच राहून जेवावें व शिकावें अशी ही सोय. जेथें ती नीट चालली तेथें मुलें टिकलीं. परंतु लहान भावंड सांभाळावयास कोणी तरी हवें असतें, आणि तें कोणी तरी म्हणजे बहुधा नऊ-दहा वर्षांची मुलगी. ती वसतिगृहांत राहत नाहीं. ती कोपीच्या दारांत बसून तान्ह्या भावाला झोका देते. फेब्रुवारींत शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नांवापुढें रिकामी रांग दिसते, आणि परीक्षा मार्च–एप्रिलमध्यें असते.

कोयत्याचा कारभार कसा चालतो हें शहरांतील श्रोत्यांस फारसें ठाऊक नसतें. कोयता म्हणजे एक हत्यार नव्हे; कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. मुकादम पावसाळ्यांतच जोडीला उचल देतो. ती पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेंही जाते. त्या रकमेंतून जुनें देणें, लग्न, दवाखाना, घराचें छप्पर हीं भागतात, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वींच मजुरी संपलेली असते. मग पहांटे काळोखांत फडांत उतरावयाचें, ऊस तोडावयाचा, साळावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, डोक्यावरून गाडींत भरावयाच्या. दिवसाला जोडीचा दीड-दोन टन ऊस होतो. एक दिवस चुकला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलींतून वसूल. हंगामाचा पट्टा पडला कीं हिशेब होतो. फिटलें नाहीं तें पुढील वर्षाच्या खात्यावर जातें. उसाचे वाढे विकून जे चार पैसे मिळतात, तेच काय ते रोख हातीं येतात. तोडणीचा दर २०२४ च्या जानेवारींत ३४ टक्क्यांनीं वाढला. वाढ चांगली झाली. पण उचलीची रीत तशीच राहिली.

कोयता जोडीचा असतो, म्हणून जोडी लौकर जमवावी लागते. बीड जिल्ह्यांत अठरा वर्षांच्या आंत लग्न होणाऱ्या मुलींचें प्रमाण पांचांत दोन या सुमारास सरकारी पाहणींत आढळलें आहे. केवळ रूढी हें याचें कारण नव्हे. मुलीला एकटी मागें ठेवण्याची भीति आणि अर्ध्या कोयत्याला मिळणारी अर्धी उचल, हीं दोन कारणें रूढीहून बलवान आहेत. पुढें त्याच स्त्रियांची गर्भाशयें काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांची वार्ता २०१९ सालीं सर्वत्र झाली. सरकारनें नेमलेल्या समितीच्या वेळीं जिल्ह्यांतील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली; त्यांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. यांत बंजाऱ्यांप्रमाणें वंजारी, मराठा, दलित अशा सर्वच समाजांच्या स्त्रिया होत्या. फडांत जात विचारली जात नाहीं. आजारपणाचा दिवसही खाडाच धरला जातो.

तर मग तेलंगणचा तांडा सुखी आहे काय? पालमूर म्हणजे जुना महबूबनगर जिल्हा. तेथील मजुरांच्या टोळ्या धरणें व कालवे खणीत देशभर फिरल्या, त्यांत लंबाडी होतेच. नलगोंड्याच्या देवरकोंडा भागांतील तांड्यांतून तान्ह्या मुली विकल्या जात असल्याचें १९९९ व २००१ सालीं उघडकीस आलें, तेव्हां त्या समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळून वीस वर्षें उलटलीं होतीं. पूर्वीं वरपक्ष वधूमूल्य देत असे. आतां दोन्ही राज्यांत वधूपक्षाकडून हुंडा मागितला जातो, आणि मुलगी ओझें ठरते. यादीनें कचेरीचें, पंचायतीचें व शाळेचें दार उघडलें. शेतांत पाणी आणलें नाहीं. कोरडवाहू माळ दोन्हीकडे सारखाच आहे. ज्याच्या घरांत एकाला नोकरी लागली त्याचें घर पक्कें झालें, शेजारचें तसेंच राहिलें. फरक असा कीं तिकडे असें एखादें पक्कें घर बहुतेक तांड्यांत आढळतें.

हा फरक बीडच्या तरुणांस दिसत नाहीं असें नाहीं. नांदेड जिल्ह्यांतील देगलूर, बिलोली या भागांतून तेलंगणांशीं सोयरिकी चालतात. मामाचा मुलगा तिकडे जमातींतून वैद्यकीय शाळेंत जातो आणि आत्याचा मुलगा इकडे तेवढेच गुण मिळवून घरीं बसतो, हें लग्नाच्या मांडवांत समोरासमोर कळतें. तेलंगणची मुलगी इकडे सून म्हणून आली तर तिचा दर्जा सीमेवरच राहतो. कारण अनुसूचित जमातीची यादी राज्यापुरती असते, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही १९९० सालीं तसाच निर्णय दिला आहे. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयानें मराठा समाजासाठीं हैदराबादच्या जुन्या गॅझेटिअरचा आधार मान्य झाला, तेव्हां बंजारा समाजानें त्याच कागदांचा दाखला देऊन आपलीही नोंद जमात म्हणून असल्याचा दावा केला आणि त्याच महिन्यांत बीड व जालना येथें मोठे मोर्चे निघाले. गॅझेटिअर एकच, राज्य एकच, मग निकाल दोन कां, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाहीं.

परंतु दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. आदिलाबादच्या गोंडांनीं २०१७ सालीं लंबाड्यांविरुद्ध मोठें आंदोलन केलें. त्यांचें म्हणणें असें कीं १९७६ नंतर जमातीच्या जागांचा मोठा वांटा शिकलेल्या व संख्येनें अधिक असलेल्या लंबाड्यांनीं घेतला, सीमा ओलांडून महाराष्ट्रांतूनही कुटुंबें आलीं, आणि जंगलांतला गोंड, कोलाम जेथल्या तेथें राहिला. महाराष्ट्रांतील आदिवासी संघटनांचा विरोधही याच भीतीचा आहे. ७ टक्क्यांच्या ताटावर आणखी एक मोठें कुटुंब बसलें तर आपल्या पोरांचें काय, असें त्या विचारतात. ही भीति खोटी नाहीं. ताट तेवढेंच ठेवून पंगत वाढविली तर भांडण पंगतींतच होणार, वाढणारा बाजूला राहणार. निर्णय शेवटीं संसदेचा आहे. जमातींच्या यादींत नांव घालणें वा काढणें राज्य सरकारच्या हातीं नाहीं.

संसदेपुढें जातांना हातांत कांहीं आकडे असावे लागतात, आणि दोन तांड्यांतील सर्वांत मोठा भेद कदाचित् येथेंच आहे. तेलंगणचे लंबाडी अनुसूचित जमात म्हणून दर जनगणनेंत मोजले जातात. किती शिकले, किती शेतमजूर, किती घरांत दिवा, हें सारें छापून येतें. महाराष्ट्राच्या विमुक्त जाती १९३१ नंतरच्या जनगणनेंत स्वतंत्र मोजल्याच गेल्या नाहींत. आगामी जनगणनेंत सर्वच जातींची नोंद घेण्याचें केंद्र सरकारनें ३० एप्रिल २०२५ रोजीं ठरविलें, आणि माणसें मोजण्याचें काम २०२७ च्या फेब्रुवारींत व्हावयाचें आहे. फेब्रुवारींत ऊसतोडीचा हंगाम भर रंगांत असतो. मोजणारा गुरुजी वडवणीच्या तांड्यांत पोंचेल तेव्हां त्याला दारांवर कुलुपें दिसतील, आणि तांडा कोल्हापूरच्या एखाद्या फडांत किंवा बेळगांवकडील कोपींत असेल. तेथें त्यांना शोधीत कोणी जाईल किंवा कसें, आणि गेल्यास जातीच्या रकान्यांत बंजारा, लमाण कीं लंबाडी, काय लिहून घेईल, हें अजून तांड्याच्या नायकाला कोणी सांगितलेलें नाहीं.